बारावीचे रसायनशास्त्र: मित्रास पत्र

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. थोरलीला नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) सराव परीक्षांत रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळतात, मग महाविद्यालयाच्या पूर्वपरीक्षेत ती त्याच विषयात मागे का पडली, हा तुझा प्रश्न मला नवा नाही. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत काही पालक नेमका हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. तिला विषय कळत नाही, असे तू मनातही आणू नकोस. तिला चारांतून एक पर्याय निवडण्याची सवय झाली आहे आणि बोर्डाच्या परीक्षकाला त्या उत्तरापर्यंतची वाट कागदावर पाहायची असते, एवढाच हा फरक आहे.

लेखी परीक्षेच्या ७० गुणांची विभागणी पाहिलीस तर हे तुझ्या लगेच लक्षात येईल. बहुपर्यायी प्रश्नांना १० आणि एका वाक्यातील उत्तरांना ८ गुण असतात. बाकीचे ५२ गुण दोन, तीन व चार गुणांच्या प्रश्नांतून, म्हणजे पायऱ्या, समीकरणे आणि कारणे लिहूनच मिळवावे लागतात.

एक उदाहरण देतो. प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल, म्हणजे अभिकारक निम्मा उरायला लागणारा वेळ, ३० मिनिटे आहे, तर ती ८० टक्के पूर्ण होण्यास किती वेळ लागेल, असा प्रश्न आला की क्लासमध्ये तयार झालेली मुलगी मनाशी म्हणते की ७५ टक्क्यांना ६० मिनिटे आणि ८७.५ टक्क्यांना ९० मिनिटे लागतात, म्हणजे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे, आणि तसा पर्याय एकच असेल तर त्यावर खूण करून ती पुढे जाते. हा विचार चोख आहे आणि मला तो आवडतोही. पण बोर्डात तिने सूत्र लिहायला हवे, ०.६९३ ला ३० ने भागून वेगस्थिरांक प्रति मिनिट ०.०२३१ असा काढायला हवा, ८० टक्के झाल्यावर २० टक्के उरते म्हणून १०० ला २० ने भागून येणाऱ्या ५ चा लॉग ०.६९९० हा कोष्टकातून घ्यायला हवा आणि सुमारे ६९.७ मिनिटे हे उत्तर एककासह मांडायला हवे. गणकयंत्र वापरण्यास परवानगी नसल्यामुळे लॉगचे कोष्टक हाताखालचे असले पाहिजे, आणि बहुतेक मुले तिथेच अडखळतात. सामू (pH) काढताना २ × १०⁻³ चा लॉग ‘बार ३’.३०१० असा येतो. त्याचा अर्थ उणे ३.३०१० असा नसून उणे ३ अधिक ०.३०१०, म्हणजेच उणे २.६९९० असा आहे, म्हणून सामू २.७० येतो. रोज दोन-तीन उदाहरणे शेवटच्या आकड्यापर्यंत सोडवण्याला पर्याय नाही.

सेंद्रिय भागाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. नावाच्या अभिक्रियांची यादी भिंतीवर चिकटवून ती येता-जाता वाचणे हा अभ्यास नव्हे. प्रत्येक समीकरण अभिकारक व परिस्थितीसह न बघता लिहावे आणि त्याखाली ‘असे का’ याचे एक वाक्य जोडावे. ॲसिटाल्डिहाइडमध्ये अल्फा हायड्रोजन, म्हणजे अल्डिहाइड गटाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन, आहे, म्हणून सौम्य अल्कलीत त्याचे अल्डॉल संघनन होते. बेंझाल्डिहाइडमध्ये तो नाही, म्हणून संहत अल्कलीत कॅनिझारो अभिक्रिया होऊन बेंझिल अल्कोहोल आणि बेंझोइक आम्लाचा क्षार मिळतो. हे कारण एकदा हाताने लिहिले की दोन्ही अभिक्रिया एकमेकींत मिसळत नाहीत. हॅलाइडपासून अमाइन बनवण्याच्या गॅब्रिएल पद्धतीने ॲनिलीन का तयार करता येत नाही, हा प्रश्न तिला जेवताना सहज विचारून बघ. अरिल हॅलाइडमध्ये (हॅलोजन थेट बेंझिनच्या कड्याला जोडलेल्या संयुगात) केंद्रकस्नेही प्रतियोजन सहजासहजी होत नाही, असे उत्तर तिने दिले तर निश्चिंत हो.

असेंद्रिय भागाला मुले उगाच घाबरतात. तेथे ‘कारणे द्या’ हाच मुख्य प्रकार असतो आणि त्यातील बरीच कारणे अणूचा आकार व इलेक्ट्रॉन संरूपण यांतून निघतात. जस्ताच्या द्विधन आयनात डी कक्षके पूर्ण भरलेली असल्यामुळे तो रंगहीन असतो, तर टायटॅनियमच्या त्रिधन आयनात एक डी इलेक्ट्रॉन असल्यामुळे तो जांभळा दिसतो. उत्तर एवढेच, पण संरूपण लिहिल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

प्रात्यक्षिकाचे ३० गुण लेखी परीक्षेच्या आधीच पदरात पडतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू देऊ नकोस. पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनात विरल सल्फ्युरिक आम्लच का घालतात, हे तोंडी परीक्षेत विचारले जाण्याचा चांगलाच संभव असतो. हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर परमँगनेट क्लोराइडचेच ऑक्सिडीकरण करते आणि नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असते, त्यामुळे दोन्ही वेळा ब्युरेटमधील वाचन चुकते.

आता एक काम कर. बोर्डाची मागील एखादी प्रश्नपत्रिका घेऊन, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, तिला सलग तीन तास लिहायला बसव. पर्यायांपैकी कोणते प्रश्न निवडायचे हेही तिचे तिला ठरवू दे. उत्तरपत्रिका मला टपालाने पाठव. मी ती तपासून, गुण कोठे निसटले ते समासात लिहून परत पाठवीन. क्लास बंद करण्याची मात्र घाई करू नकोस, नीटसाठी तो तिला लागणारच आहे.

वहिनींना नमस्कार, थोरलीला आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकमित्र