अडवतो ते पाळतीला, जाहिरातीला नव्हे

महोदय,

जाहिराती अडवणारे सॉफ्टवेअर, म्हणजेच ॲड-ब्लॉकर, वापरणारा वाचक फुकट्या ठरवला जातो. मी गेली काही वर्षे ते वापरतो. बातमीदाराचा पगार कुठून तरी निघालाच पाहिजे, हेही मला मान्य आहे. परंतु छापील अंकातील जाहिरात न वाचता पान उलटणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही, आणि पान कोणी उलटले याचा त्या जाहिरातीला पत्ताही नसतो.

इंटरनेटवर मात्र पान उघडते न उघडते तोच वाचकाचे साधारण ठिकाण, त्याचे उपकरण आणि त्याने आधी काय पाहिले याच्या खुणा त्या पानावरच्या जाहिरातीच्या जागेच्या लिलावासाठी कित्येक कंपन्यांकडे रवाना होतात. जागा एकीला मिळते, माहिती मात्र बोली हरलेल्यांच्याही हाती पडते. जाहिरात बंद करण्याची फुली इतकी बारीक असते की बोट हमखास जाहिरातीवरच पडते, हा त्रास त्यामानाने किरकोळच. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसी यांसारख्या नामांकित संकेतस्थळांवरही मध्यस्थ जाळ्यांतून आलेल्या जाहिरातींनी वाचकांच्या संगणकांत घातक प्रोग्राम सोडण्याचा प्रयत्न केला होता. इंटरनेटवर शोध घेताना ॲड-ब्लॉकर वापरावा, असा सल्ला खुद्द अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये दिला, तेव्हा हा केवळ वाचकांचा हेकटपणा आहे असे म्हणता येणार नाही.

अर्थात ॲड-ब्लॉकर बनवणारेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ॲडब्लॉक प्लसने २०११ पासून 'स्वीकारार्ह' जाहिरातींना वाट मोकळी ठेवली आणि त्यासाठी बड्या कंपन्यांकडून शुल्क घेतले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये हा व्यवसाय वैध ठरवला खरा, पण आधी वाट अडवायची आणि मग ती सोडण्याचे पैसे घ्यायचे, हे मला नाक्यावरच्या वसुलीसारखेच वाटते. म्हणून मी असा सौदा न करणारा ब्लॉकर निवडला आणि रोज वाचतो त्या दोन दैनिकांची वर्गणी भरली. वर्गणी न भरता सर्वत्र ब्लॉकर लावून बसणाऱ्याची बाजू मला घेता येत नाही.

वाचकाचा माग न काढता, लेखाच्या विषयाला धरून जाहिराती दाखवता येतात. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारणाच्या जाहिराती विकणाऱ्या 'स्टर' या संस्थेने २०२० मध्ये माग काढणाऱ्या कुकीज, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवल्या जाणाऱ्या खुणेच्या छोट्या फायली, वापरणे सोडले, आणि त्या वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत तिचे डिजिटल उत्पन्न वाढले. आपल्या संकेतस्थळाने एखाद्या पुरवणीपुरता तरी हा प्रयोग करावा. त्या पानांवर ब्लॉकर बंद ठेवण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक नियमित वाचक