काशीची गंगा आणि तुझी कृष्णा

पुणे

प्रिय मुकुंदा,
सप्रेम नमस्कार.

‘वाईच्या घाटाची इतकी चित्रं होऊन गेली, आता मी वेगळं काय काढणार?’ हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

काशीचंच बघ. तिथं गंगा उत्तरेकडे वळते. घाट सगळे पश्चिम काठावर, समोर नुसती वाळू. म्हणजे सकाळचं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं आणि सबंध देखावा बघायचा तर नावेत बसावं लागतं. प्रत्येक चित्रकाराला हीच जागा मिळते, हाच उजेड. १९६० साली एम. एफ. हुसेन आणि राम कुमार तिथं गेले तेही एकत्रच. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेननी माणसं टिपली. राम कुमारांचं उलटंच झालं. त्याआधी ते शहरातली उदास, एकाकी माणसं रंगवायचे; काशीला गेले आणि चित्रांतून माणूसच नाहीसा झाला. एवढ्या गर्दीच्या गावात! उरली एकमेकांना चिकटलेली घरं, राखाडी-तपकिरी भिंती आणि मुकं पाणी. चिता कुठंच नाही, तरी मला त्या चित्रांत मणिकर्णिका, तो काशीचा स्मशानघाट, जाणवते. हिंदीत कथा लिहिणाऱ्या या माणसानं इथं गोष्ट सांगायचं साफ टाळलं, आणि म्हणूनच त्यात मृत्यू इतका जवळ येतो, असं मला वाटतं.

मनु पारेख १९८०च्या सुमारास तिथं गेले आणि पुढं वर्षानुवर्षं काशी रंगवत राहिले. त्यांच्या कितीतरी चित्रांत रात्र आहे: देवळं, दिवे, फुलं, काळ्याभोर पाण्यावर पेटलेला पिवळा-लाल. राम कुमारांनी जी श्रद्धा भिंतींमागे ठेवली, ती इथं उघड धगधगते. परेश मैतींचे जलरंग सुंदरच आहेत, ओल्या कागदावर पाणीच पाण्याला रंगवतं. पण माझ्या मनात ते तितके रेंगाळत नाहीत.

तेव्हा घाट जुना झाला म्हणून अडून बसू नकोस. ढोल्या गणपतीचं देऊळ सगळे काढतात, तू ते खुशाल वगळ. धोम धरणाचं पाणी कमी-जास्त झालं की पायऱ्यांवरची ओलीची रेघ वर-खाली सरकते, हे तूच मला दाखवलं होतंस. तेवढीच रेघ धर आणि महिनाभर तिच्याच मागे लाग. कच्ची असली तरी चित्रं पाठव. दिवाळीत येतोय, तेव्हा ती समोर मांडून मनसोक्त भांडू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर