बाळंतिणीच्या बीपीचं पुढे काय होतं? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गरोदरपणातल्या बीपी-शुगरच्या नोंदी प्रसूतीनंतरही वापरात ठेवण्याबाबत, आणि शिबिरांत सीआरपी तपासणी सरसकट न आणण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवते. रक्ताच्या आकड्यांवर माझा संसार चालतो आणि त्या आकड्यांवर माझा विश्वासही आहे. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

गेल्या काही वर्षांत ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी (रक्तातलं सीआरपी हे प्रथिन अगदी बारीक प्रमाणातही मोजणारी) ही तपासणी हमखास दिसू लागली आहे. अंगात छुपा दाह किती आहे हे कळेल आणि हार्ट अटॅकचा अंदाज आधीच येईल, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. आता आरोग्य शिबिरांतही ती ठेवा, अशी मागणी माझ्या कानावर येते. मागणी करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तिच्यामागचं शास्त्रही खोटं नाही.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही संसर्ग, जखम किंवा दाह झाला की काही तासांत ते वाढू लागतं, दोनेक दिवसांत शिखर गाठतं आणि कारण सरलं की भराभर उतरतं. १९९७ मध्ये पॉल रिडकर यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्याच एका मोठ्या अभ्यासातून दाखवलं की, वरवर निरोगी पुरुषांतही ज्यांचं सीआरपी सर्वांत वरच्या गटात होतं, त्यांना पुढे हार्ट अटॅक येण्याचा धोका सर्वांत खालच्या गटाच्या सुमारे तिप्पट होता. २०१७ च्या कॅन्टॉस चाचणीत दहा हजारांवर हृदयरुग्णांवर निव्वळ दाह कमी करणारं औषध तपासलं गेलं. कोलेस्टेरॉलमध्ये फरक पडला नाही, तरी हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात धुमसणारा मंद दाह हाही हृदयविकाराचा एक भागीदार आहे, हे त्यातून पक्कं झालं. त्याच चाचणीत जीवघेणे संसर्ग मात्र वाढले.

म्हणजे तपासणी खरी आहे. अडचण आपल्या परिस्थितीत ती वापरण्याची आहे. एचएस-सीआरपी लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, हे गट अमेरिकेत २००३ साली ठरले. तपासणी दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी आणि आकडा १० च्या वर आला तर आधी संसर्ग शोधावा, असंही त्याच शिफारशीत लिहिलं होतं. शिबिरात रक्त एकदाच घेतलं जातं. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर शिबिर भरवलं, तर समोर बसलेल्या बाईच्या बोटाला कोयता लागलेला असतो, हिरड्यांतून रक्त येत असतं, दोन दिवसांपूर्वी ताप येऊन गेलेला असतो. तिचा सीआरपी वाढलेलाच येणार. त्याचा अर्थ तिच्या हृदयाला धोका आहे असा लावायचा, जखम चिघळली आहे असा, की क्षयाची सुरुवात आहे असा? हे त्या एका आकड्यावरून मला सांगता येत नाही, आणि शिबिरातल्या डॉक्टरांनाही येणार नाही. ती बाई मात्र घाबरून घरी जाईल, आणि उचल घेतलेल्या पैशांतून शहरात जाऊन पुढच्या तपासण्या करेल.

याउलट, त्याच दाहाचा एक मोठा उगम कुठलीही सुई न टोचता मोजता येतो. पोटाभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यातून आयएल-६ सारखी रसायनं रक्तात येतात आणि तीच यकृताला सीआरपी बनवायला सांगतात. म्हणून कंबरेचा घेर हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त दाहमापक आहे, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० ही भारतीयांसाठीची मर्यादा. नुसत्या वजनावर आपण फसतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधक मित्रांचा जोडीने काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडसडीत. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा आपली बाळं जन्मतःच तशी असतात हे दिसलं होतं. सरासरी वजन जेमतेम २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांहून पाऊण किलोने कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून.

हे मोजमाप आपल्या यंत्रणेत आहे, मंत्री महोदय. बीपी, मधुमेह यांसारख्या आजारांचा धोका कुणाला आहे हे पाहण्यासाठी आशाताई घरोघरी सी-बॅक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल आणि घरातला इतिहास यांना गुण असतात आणि चारच्या वर गुण झाले की माणूस तपासणीसाठी पुढे पाठवायचा असतो. फॉर्म चांगला आहे. त्यात आणि त्यामागच्या व्यवस्थेत एक भोक आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्या भोकाबद्दल आहे.

बाईच्या आयुष्यात पुढच्या आजाराची सर्वांत स्पष्ट खूण गरोदरपणात दिसते. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे गरोदर बाईच्या शरीराला जास्त इन्सुलिन लागतं. ज्या बाईच्या स्वादुपिंडाची ताकद मुळात बेताची, तिची शुगर या काळात वाढते आणि बाळंतपणानंतर उतरते. सगळे म्हणतात, झालं, गेलं. पण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सात ते दहा पट असतो. गरोदरपणात बीपी वाढून अंगावर सूज आली, लघवीत प्रथिनं गेली, तर त्या काळात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला दाह होऊन इजा झालेली असते. अशा बाईला पुढे कायमचा बीपी जडण्याचा धोका तिप्पट-चौपट आणि हृदयविकाराचा धोका दुपटीच्या आसपास असतो. अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनने २०११ पासून बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्यात या दोन्ही गोष्टी अधिकृतपणे धरल्या आहेत. कुठल्याही महागड्या मार्करपेक्षा ही खूण ठळक आहे. ती मिळवण्यासाठी सरकारने वेगळा एक रुपयाही खर्च करायचा नाही, कारण तो खर्च आधीच झालेला आहे. प्रत्येक गरोदर बाईचा बीपी उपकेंद्रात मोजला जातो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून शुगर तपासली जाते. दोन्ही आकडे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिले जातात.

आणि बाळंतपणानंतर त्या कार्डावर फक्त बाळाच्या लसी लिहिल्या जातात.

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की, गरोदरपणी शुगर वाढलेल्या बाईची सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज देऊन तपासणी करावी. माझ्या लॅबमध्ये अशी चिठ्ठी घेऊन आलेली बाळंतीण क्वचितच दिसते. सहा आठवड्यांची बाळंतीण सरकारी केंद्रात येत मात्र असते, कारण त्याच सुमाराला बाळाची लस असते. दहाव्या आठवड्याला येते, चौदाव्याला येते, नवव्या महिन्यात गोवराच्या लसीला येते, दीड वर्षाला बूस्टरला येते. ती बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असते आणि तिच्या दंडाला पट्टा कुणी लावत नाही. यात नर्सताईंना मी दोष देत नाही. त्यांच्या रजिस्टरमध्ये त्यासाठी रकानाच नाही.

त्यातून वयाचा प्रश्न उरतोच. असंसर्गजन्य आजारांची तपासणी तिसाव्या वर्षापासून सुरू होते. आपल्या खेड्यांतल्या बायकांची बाळंतपणं बहुतेक विशीतच उरकतात. बाविसाव्या वर्षी जिची शुगर वाढली होती, ती पुढची आठ वर्षं कुठल्याच यादीत नाही. ती तिशीला पोहोचते तेव्हा आशाताईंच्या फॉर्मवर ‘गरोदरपणी शुगर किंवा बीपी होता का’ असा प्रश्न नाही. घरातल्या इतिहासाला गुण आहेत, तिच्या स्वतःच्या इतिहासाला नाहीत. तोवर कार्ड कुठल्या तरी ट्रंकेत गेलेलं असतं. बीडहून उसाला आलेल्या बाईचं नाव गावाकडे नोंदलेलं आणि बाळंतपण आमच्याकडे झालेलं, असं असेल तर तेवढाही माग उरत नाही. गरोदर मातांची नोंद आरसीएच (माता-बाल आरोग्याच्या) पोर्टलवर आणि बीपी-शुगरची एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) पोर्टलवर होते. दोन्हीकडे माहिती भरणारी नर्सताई बहुतेकदा एकच असते, पण एकीकडची माहिती दुसरीकडे जात नाही.

आयसीएमआरच्या २०२३ मधल्या इंडियाब अभ्यासानुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींवर लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरचे म्हणजे नेमके कोण, हे शोधायला आपण शिबिरं भरवतो. यांतल्या निदान काही लाख बायकांची नावं, पत्ते आणि आकडे आपल्याच संगणकात पडून आहेत.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. गरोदरपणी ज्यांचा बीपी किंवा शुगर वाढली होती, त्या प्रत्येक बाईचं नाव वयाची अट न लावता एनसीडीच्या यादीत आपोआप जावं. आभा हा प्रत्येकाचा आरोग्य ओळख क्रमांक त्यासाठीच तर आहे. बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीच्या दिवशी आईचा बीपी आणि शुगर, नंतर नवव्या महिन्याला, दीड वर्षाला आणि पुढे दरवर्षी. सी-बॅक फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवणं केंद्राच्या हाती असेल, पण राज्याच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवणं आपल्या हाती आहे.

हे आपल्याला जमणारं नाही, असं कुणी म्हणेल तर मी मान्य करणार नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या फळीत आपले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरलेली मोजकी औषधं, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, तारखेला न आलेल्याला फोन किंवा घरी भेट, एवढ्यावर ते काम उभं राहिलं. न आलेल्याचा माग काढायची सवय आमच्या जिल्ह्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आहे. २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ अभियानात अठरा वर्षांवरील बायकांची तपासणी राज्याने केलीच होती. म्हणजे तिशीची अट आपण एकदा ओलांडली आहे. अशा अभियानांचा हिशेब मात्र ‘किती जणींना तपासलं’ यावर थांबतो. वाढलेल्या आकड्याची बाई महिन्याने पुन्हा दिसली का, गोळी सुरू झाली का, बीपी खाली आला का, हे विचारल्याशिवाय तपासणीला अर्थ येत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या खास धंद्यातली. मधुमेहासाठी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) सगळीकडे वापरण्याकडे कल आहे, कारण उपाशी राहावं लागत नाही. पण गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या सिकलसेलच्या पट्ट्यात हा आकडा दगा देतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. वाहकांतही, म्हणजे ज्यांना स्वतःला काही त्रास नाही अशांतही, काही पद्धतींनी केलेला एचबीए१सी चुकू शकतो. लोहाच्या कमतरतेत उलट होतं, आकडा असावा त्याहून वर दिसतो, आणि आपल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. त्या जिल्ह्यांत निदान उपाशीपोटीच्या आणि ग्लुकोजनंतरच्या शुगरवरच व्हावं, असं लेखी परिपत्रक निघायला हवं. सिकलसेल मिशनमध्ये हजारो लोकांचा वाहक-रुग्ण दर्जा आता नोंदला गेला आहे. तो दर्जा शुगरचा रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसमोर असलाच पाहिजे.

सीआरपीला माझा विरोध नाही, तिची जागा वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांत क्षयाच्या प्राथमिक चाळणीसाठी ५ च्या वरचा सीआरपी वापरायला मान्यता दिली आहे. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या आपल्या एआरटी केंद्रांवर ती सोय आधी द्या. दुसरी जागा आमवाताची. हाताची बोटं सुजलेली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही अशी बाई गावात वर्षानुवर्षं वेदनाशामकांवर आणि कुणी दिलेल्या स्टेरॉइडवर दिवस काढते. तिच्या अंगातला दाह सांध्यांपुरता राहत नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशीत अशा रुग्णांचा हृदयविकाराचा अंदाजित धोका दीडपट धरायला सांगितलं आहे. तिला सीआरपी करून द्या, मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध वेळेत मिळू द्या आणि तिचा बीपीही मोजा. इथे तो आकडा उपचार बदलतो, शिबिरात बदलत नाही.

आणखी एक. रिपोर्ट बाईच्या हातात मराठीत पडू द्या. त्यावर आकडा, तो कशामुळे महत्त्वाचा आहे आणि पुढची तारीख, या तीन ओळी पुरतात. गरोदरपणी शुगर वाढली होती म्हणजे पुढे जपायचं आहे, हे तिला बाळंतपणाच्या वॉर्डातून घरी जाताना सांगितलं गेलं, तर पुढच्या तपासणीची आठवण तीच करून देईल.

आरसीएच आणि एनसीडी या दोन नोंदींची सांगड घालण्याचं काम एखाद्या जिल्ह्यापासून सुरू करता येईल. आमचा जिल्हा तयार आहे असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, पण इथल्या बाळंतिणींच्या सहा आठवड्यांच्या शुगरचे नमुने विनामूल्य तपासून द्यायला माझी लॅब तयार आहे. तसं लेखी पत्र मी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडेही देत आहे. आपल्या विभागाचा निर्णय कळावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक पॅथॉलॉजिस्ट, सातारा जिल्हा