मॅडम, सोलर सेलकडे उजेड मागायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

निवृत्तीचा समारंभ तुम्ही होऊ दिला नाहीत, म्हणून तिथे बोलायचं ते इथे लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. तुमच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्यांना पत्र कुणाला आहे ते नावाशिवायही कळेल. जाहीर लिहायचं कारण एवढंच की अर्धवाहकांवरचं तुमचं काम शोधनिबंधांत वाचायला मिळतं, पण ते काम करायला तुम्ही आम्हाला कसं शिकवलंत हे कुठेच छापलेलं नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा कराडजवळच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवत होते. एम.एस्सी. कोल्हापूरची, शिवाजी विद्यापीठाची. तिथे केमिकल बाथने, म्हणजे काच रसायनांच्या द्रावणात बुडवून, तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचे पिवळे थर चढवायला शिकले होते, आणि तेवढ्या भांडवलावर पीएच.डी. करायचं मनात होतं. त्याआधी एका ठिकाणी वय आणि नोकरी यांचं कारण सांगून मला परत पाठवलं होतं. तुम्ही वय विचारलंच नाहीत. थर किती जाड यायचा, कडेला का सुटायचा, द्रावणाचं तापमान थोडं चढलं तर रंग कसा बदलायचा, हे विचारत बसलात. आणि शेवटी म्हणालात, "हात चांगला आहे तुमचा. सोमवारपासून या."

त्या सोमवारी तुम्ही मला वाचायला काहीच दिलं नाहीत. एक साधा लाल एलईडी आणि मल्टीमीटर घेऊन खिडकीतल्या उन्हात उभं केलंत. बॅटरी नाही, सर्किट नाही, एलईडीची दोन टोकं फक्त मीटरला लावलेली. मीटरवर दीड व्होल्टच्या आसपास आकडा आला. दुपारी खोली काळोखी केलीत, सिलिकॉनच्या एका छोट्या पॅनेलमधून उलट बाहेरून प्रवाह सोडलात आणि इन्फ्रारेड फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायला लावलात. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण फोटोत पॅनेल उजळलं होतं आणि एका सेलमधून आडवी काळी रेघ गेली होती. तो तडा होता. मी इतकी वर्षं एलईडी एका धड्यात आणि सोलर सेल दुसऱ्या धड्यात शिकवत आले होते. तुम्ही एका दिवसात ते दोन्ही धडे एक केलेत.

पुढची सगळी वर्षं आपण त्याच एका गोष्टीवर काम केलं, असं मी आज म्हणेन. अर्धवाहकावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीत जातो आणि त्याच्या जागी होल, म्हणजे रिकामी जागा, राहतं. दोघांना वेगवेगळ्या बाजूंनी बाहेर काढलं तर वीज मिळते. आतच पुन्हा भेटले तर दोनच शक्यता: प्रकाश तरी निघतो, नाहीतर ती ऊर्जा एखाद्या दोषाशी अडकून नुसती उष्णता होते. शॉक्ली आणि क्वाइसर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवलं की प्रकाशाच्या रूपाने होणारं नुकसान टाळता येतच नाही, आणि त्या हिशेबाने एका जोडाच्या (जंक्शनच्या) सेलला साधारण ३३ टक्क्यांची कमाल मर्यादा येते. दोषांपायी होणारं नुकसान मात्र टाळता येतं. त्यामुळे सेल जितका चांगला, तितका तो जास्त चमकला पाहिजे. बर्कलीचे शास्त्रज्ञ एली याब्लोनोविच हेच सांगत आले, की उत्तम सोलर सेल व्हायचं तर त्याने आधी उत्तम एलईडी व्हायला हवं. गॅलियम आर्सेनाइडच्या सेलची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या आसपास अडकली होती. ती २८.८ टक्क्यांवर गेली ती पातळ फिल्मच्या मागे चांगला आरसा बसवून, आत जन्मलेला फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, वाया न घालवता पुन्हा वापरल्यामुळे. हे तुम्ही फळ्यावर मांडलंत आणि कोपऱ्यात एक आकडा लिहिलात, जो माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अजून आहे: चमक दहापट घटली की सेलच्या व्होल्टेजमधले साधारण ६० मिलिव्होल्ट गेले.

त्या आकड्याने मला किती वाचवलं! आपण पेरोव्हस्काइटवर, म्हणजे शिसं आणि आयोडीन असलेल्या एका स्फटिकी अर्धवाहकावर, काम करत होतो. योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये त्याचा पहिला सेल केला तेव्हा कार्यक्षमता होती ३.८ टक्के. आज ती २६ टक्क्यांच्या पुढे आहे. त्याच पदार्थातून केंब्रिजमध्ये २०१४ साली खोलीच्या तापमानाला एलईडी पेटला, आणि २०१८ मध्ये अशा एलईडींनी २० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. एवढ्या धावपळीत सगळ्यांची नजर टक्क्यांवर. नवा विद्यार्थी आला की त्यालाही आधी अख्खा सेल करून आकडा काढायचा असतो. तुम्ही तो करू द्यायच्या नाहीत. आधी काचेवर नुसती फिल्म, तिच्यावर लेझर, आणि किती प्रकाश परत येतो ते मोजायचं. मग इलेक्ट्रॉन नेणारा थर देऊन पुन्हा मोजायचं. मग होल नेणारा थर, पुन्हा तेच. ज्या थरानंतर चमक कोसळली तिथे व्होल्टेज गळतंय. इतर ठिकाणी महिनोन्‌महिने सेलमागून सेल करून जे कळत नाही, ते आपल्याकडे एका दुपारी कळायचं.

पावसाळ्यातली तुमची शिस्त आठवते. हॉटप्लेटवर १०० अंशांना ठेवली की फिल्म गडद तपकिरी होते, आणि हवेतला ओलावा लागला की काही वेळात कडेने पिवळी पडायला लागते, कारण मागे लेड आयोडाइड उरतं. जुलैत पुण्याची हवा त्या पदार्थाची वैरीण. ग्लव्हबॉक्समधून, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीतून, बाहेर काढलेली प्रत्येक फिल्म किती वेळ उघडी होती ते वहीत लिहायचं, असा तुमचा नियम होता, आणि शिशाचं सांडपाणी वेगळ्या बाटलीत, बाटलीवर सही करूनच. बेसिनमध्ये एक थेंबही गेलेला तुम्हाला चालायचा नाही. "आपण स्वच्छ विजेसाठी काम करतो आणि ओढ्यात शिसं सोडतो, हे जमायचं नाही," हे वाक्य मी आता माझ्या प्रयोगशाळेत वापरते.

आकड्यांच्या बाबतीतही तसंच. पेरोव्हस्काइटच्या सेलमधले आयन हलतात, त्यामुळे व्होल्टेज वरून खाली आणताना एक कार्यक्षमता दिसते आणि खालून वर नेताना दुसरी. चांगली दिसणारी बाजू छापायचा मोह कुणालाही होईल. तुम्ही दोन्ही बाजू छापायला लावायच्या, आणि वर सेल कमाल शक्तीच्या बिंदूवर धरून ठेवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायला लावायच्या. त्यामुळे आपले निबंध बरेचदा उशिरा गेले आणि आकडे फार कुणाच्या डोळ्यांत भरले नाहीत. पण आपला एकही आकडा मला पुढे बदलावा लागलेला नाही. आज माझ्या विद्यार्थ्यांसमोर उभी राहताना मला या गोष्टीचा सगळ्यात जास्त आधार वाटतो.

कंटाळलेल्या दिवसांत तुम्ही जपानमधल्या नागोयाची, निळ्या एलईडीच्या शोधाची हकीकत सांगायच्या. आकासाकी आणि अमानो यांनी मॅग्नेशियम घातलेल्या गॅलियम नायट्राइडवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला तेव्हा नमुना उजळला, आणि १९८९ मध्ये त्यातूनच पहिला पी-प्रकारचा, म्हणजे होलांमार्फत वीज वाहून नेणारा, गॅलियम नायट्राइड हाती आला. पुढे तोकुशिमात नाकामुरांनी नायट्रोजनमध्ये नुसतं तापवून तेच साधलं, आणि कारणही कळलं: हायड्रोजनने मॅग्नेशियमला जखडून ठेवलं होतं. २०१४ च्या नोबेलपर्यंत गेलेली ती वाट. तुम्हाला त्यातला पहिला क्षण प्यारा. विजेचं मोजमाप नंतर झालं, आधी कुणीतरी चमक वाढलेली पाहिली. मला वाटतं तुमचं सगळं विज्ञान त्या पाहण्यात होतं.

आणखी एक सांगते. माझ्या पहिल्या निबंधाचा मसुदा मी मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवला होता. तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "मला मराठीत सांगा, काय सापडलं?" मी सांगत गेले, तुम्ही मुद्दे लिहीत गेलात आणि तो कागद माझ्याकडे सरकवलात. निबंधाचा सांगाडा त्या कागदावर तयार होता, आणि तो माझा होता. लेखकांच्या यादीत माझं नाव पहिलं घालताना तुम्ही त्याची चर्चाही केली नाहीत. आता माझ्याकडे प्रकल्पाला येणाऱ्या मुलींना मी आधी मराठीतच बोलायला लावते.

कॉलेजात आपल्यासारखी उपकरणं नाहीत, पण एलईडी आणि मल्टीमीटर आहे, आणि फिल्टर काढलेला एक जुना कॅमेराही मिळवलाय. परिसरात शेतांवर सौर पंपांची पॅनेलं वाढत चालली आहेत. गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी रात्री एका शेतावर जाऊन पॅनेलमधून प्रवाह सोडून फोटो काढले. वरून काच धड, आणि आत एका सेलचा अर्धा भाग काळा. पंप दुपारी कमी पाणी का ओढतो हा त्या शेतकरी काकांचा प्रश्न होता, त्याच्या उत्तराचा निदान एक धागा मुलींच्या हाती लागला. फोटो तुम्हाला पाठवते आहे.

दिवाळीच्या सुटीत त्यांच्यातल्या दोघींना घेऊन तुमच्याकडे यायचा विचार आहे. त्यांचे प्रश्न बरेच आहेत, आणि सगळ्यांची उत्तरं मला येत नाहीत. तुम्ही घरी असाल ना? तारीख कळवलीत तर तिकिटं काढते.

मला सोमवारी या म्हणालात, त्याबद्दल मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी