अन्नभांडाराच्या सभासदांना व हितचिंतकांना तातडीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

दाराशी आलेल्या माणसाला रिकाम्या पिशवीने परत पाठवायचे नाही, हा आपल्या अन्नभांडाराचा नियम कोणत्याही सभेत ठराव करून झालेला नाही. पहिल्या वाटपाच्या दिवशी तो आपोआप रूढ झाला आणि आजपर्यंत कसोशीने पाळला गेला. या महिन्यात मात्र वाटपाचा दिवस उजाडण्यापूर्वीच कोठीघरातील मधल्या दोन मांडण्या मोकळ्या झाल्या आणि रांगेतील शेवटच्या काही कुटुंबांना अर्ध्या पिशवीवर निरोप द्यावा लागला. अर्धी पिशवी म्हणजे रिकामी नव्हे, असे मनाला कितीही बजावले तरी त्या दिवशी कुलूप लावताना कोणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. कार्यकारी मंडळाच्या सांगण्यावरून हे पत्र त्याच आठवड्यात लिहीत आहे.

ज्यांना आरंभीचे दिवस आठवतात त्यांना सांगायला नकोच, की निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या घराची पुढची खोली भाडे न घेता मोकळी करून दिली नसती, तर हे काम चर्चेच्या पुढे गेले नसते. बाईंनी स्वतःची पुस्तकांची कपाटे रिकामी करून धान्य ठेवायला दिली, आणि पुस्तके कुठे ठेवली असे विचारले तेव्हा ‘ती वाचून झाली आहेत’ एवढेच उत्तर दिले. वजनकाटा एका व्यापारी सद्गृहस्थांनी आपल्या जुन्या दुकानातून आणून दिला; तो आजही किंचित घेणाऱ्याच्या बाजूने झुकतो, आणि दुरुस्त करून घ्यावा अशी सूचना दोनदा येऊनही मंडळाने ती दोन्ही वेळा पुढील सभेकडे ढकलली आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाकीट ठेवून पावती न घेता निघून जाणारे शिक्षक, मालाची ने-आण विनामोबदला करणारे टेम्पोचालक, आणि एकेकाळी स्वतः शिधा नेणाऱ्या, आता मात्र निवडणीच्या टेबलावर सर्वांत आधी हजर होणाऱ्या भगिनी, या सर्वांचे ऋण कोणत्याही अहवालात मावणारे नाही.

अन्नभांडाराची कल्पना काही आपली नव्हे. अमेरिकेतील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ‘सेंट मेरीज फूड बँक’ ही जगातील पहिली फूड बँक मानली जाते. दुकानांमागच्या कचऱ्यातून मुलांसाठी खाण्याजोगे अन्न वेचणाऱ्या एका आईनेच, पैसे जसे बँकेत ठेवतात आणि काढतात तसे अन्नाचे का नसावे, असे त्यांना सुचवले, असे सांगतात. उपाशी माणसाला उपाय सुचत नाही असे मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. त्याच जगात २०२३ मध्ये ७० कोटींहून अधिक माणसे भुकेला तोंड देत होती. अन्न कमी आहे म्हणून नव्हे, तर ते हवे तिथे पोहोचत नाही म्हणूनही माणसे उपाशी राहतात, आणि मधले तेवढे अंतर कापणे हेच आपल्या कोठीघराचे काम आहे.

आता थोडे मनातले. गेल्या वेळचे आवाहन सर्व सभासदांपर्यंत पोहोचले होते; उत्तरे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली, आणि त्यांतील काही केवळ कामाची प्रशंसा करणारी होती. प्रशंसेबद्दल आम्ही आभारी आहोत, परंतु ती मांडणीवर ठेवता येत नाही. त्याच सुमारास आलेल्या काही गोण्यांतील बराचसा माल मुदत उलटून गेलेला निघाला आणि तो वेगळा काढून नष्ट करण्यात दोन स्वयंसेवकांचा अख्खा दिवस गेला. घरातील फडताळ आवरणे आणि दान करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कटू वाटले तरी लिहिणे भाग आहे. समारंभात उरलेले शिजवलेले अन्न आपण का घेत नाही, अशी नाराजीही कानावर येते. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि ते सुरक्षित तापमानात ठेवून वेळेत वाटण्याची सोय आपल्याकडे नाही. आधीच अशक्त असलेल्या माणसाला त्या अन्नाने आजारी पाडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गरज कोणाला असते, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. नोकरी सुटलेले, पगार लांबलेले, दवाखान्याच्या बिलाने कंबरडे मोडलेले, म्हातारपणी एकटे पडलेले, असे सारे येतात. महिनाअखेरीस रांग वाढते. शाळेत जेवणारी मुले सुट्टीत घरी असतात तेव्हा आणखी वाढते. आपण कोणाकडेही दारिद्र्याचा दाखला मागत नाही. मध्यंतरी एका आईने संस्थेचे नाव छापलेल्या पिशवीतला शिधा जागीच स्वतःच्या जुन्या पिशवीत ओतून घेतला आणि रिकामी पिशवी नीट घडी घालून टेबलावर परत ठेवली. त्या दिवसापासून आपण साध्या, कोऱ्या पिशव्या वापरतो. देणगीदारांचे नाव पिशवीवर छापावे, ही सूचना त्यामुळेच नम्रपणे नाकारावी लागली. ज्यांना त्याचे वाईट वाटले त्यांनी हे कारण समजून घ्यावे.

आम्हाला एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा ठरलेली छोटी मदत अधिक उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर पुढील महिन्याची घाऊक खरेदी आधी ठरवता येते आणि जो जिन्नस कमी पडेल तोच आणता येतो. वस्तुरूपाने देणाऱ्यांनी धान्य, कडधान्ये, तेल, मीठ, साबण आणि सीलबंद बाळअन्न द्यावे. पाकीट न फोडलेले, डबा न फुगलेला व न गंजलेला, मुदत शक्यतो तीन महिने तरी शिल्लक असलेली असावी (आधी मुदत संपणारा माल आपण पुढे मांडतो, त्यामुळे तारीख वाचता येणे आवश्यक आहे). निवडणीसाठी दोन आणि जमाखर्चाची वही लिहिण्यासाठी एक अशा तीन व्यक्ती तातडीने हव्या आहेत. अक्षर वाचण्याजोगे असावे, एवढीच अट. माल नेहमीच्या वेळेत कोठीघरात स्वीकारला जाईल, बंद दाराबाहेर गोण्या ठेवून जाऊ नये. रोख रक्कम कोशाध्यक्षांकडेच द्यावी व पावती अवश्य घ्यावी. ज्यांना स्वतः येणे शक्य नाही त्यांनी कोणत्याही मंडळ सदस्याकडे निरोप ठेवल्यास टेम्पो घरी येईल. पुढील वाटपाच्या आधीच्या दिवशी दुपारपर्यंत आलेला मालच त्या वाटपात धरता येईल.

आपला नम्र,
चिटणीस
कार्यकारी मंडळाच्या वतीने