वाळ्यापर्यंत पोचायला रात्र झाली

ग्रास, फ्रान्स
१४ सप्टेंबर

ती. आईस साष्टांग नमस्कार,

नवरात्रात तू इंदूरला आजीकडे जाणार असल्याचं दादा म्हणाला, म्हणून घाईने पुण्याच्या पत्त्यावर हे पत्र टाकतेय. जाताना बरोबर ने आणि रामबागेतल्या घरी आजीजवळ बसून मोठ्याने वाच. तिला फोनवर हल्ली नीट ऐकू येत नाही.

इथे सध्या जाईचा हंगाम आहे. हे लोक जिला जास्मिन म्हणतात ती आपली जाईच गं, मोगरा नव्हे. ऊन चढलं की वास उतरतो, म्हणून पहाटेच खुडायला लागतात. किलोभर वजनाला सुमारे आठ हजार फुलं लागतात! मी तासभर खुडलं तेव्हा टोपलीचा तळ जेमतेम झाकला. इथल्या या फुलं पिकवण्याच्या आणि अत्तर बनवण्याच्या विद्येला २०१८ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं, ते योग्यच झालं.

इथे अत्तराचं काम शिकायला लागले त्या पहिल्या आठवड्यात माझं एक चुकलं. निव्वळ फुलं, मुळं, साली यांच्या अर्कांचं एक अत्तर हुंगायला दिलं होतं. मी पाच मिनिटांत वहीत लिहून टाकलं, ‘लिंबासारखं, उथळ.’ आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी वही मिटली, माझ्या मनगटावर एक थेंब लावला आणि म्हणाल्या, ‘उद्या सांग.’

तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. आधी स्पिरिटचा गारवा, मग बर्गमोट या लिंबाच्या जातीच्या फळाची साल. अर्ध्या तासात तो वास गेला. संपलं असं वाटलं आणि बसमध्ये दांडा धरायला हात वर केला तर जाई! पण खुडतानाची कोवळी जाई नाही. तिच्यात किंचित कुबट गोडवा होता, देवघरातल्या आदल्या दिवशीच्या निर्माल्याला येतो तसा. ताज्या जाईतही असा वास देणाऱ्या द्रव्याचा अंश असतोच, त्याला इंडोल म्हणतात. तो काढून टाकला तर जाई कागदाची वाटेल. दुपारभर ती तशीच राहिली, फक्त हळूहळू अंगालगत येत गेली.

असं होतं कारण अंगाच्या उबेने हलके घटक आधी उडतात आणि जड मागे राहतात. कोरड्या कातडीवर सगळंच लवकर उडतं. माझ्या शेजारणीच्या हातावर दुपारी काही उरलं नव्हतं. आजी म्हणायची ना, ‘आधी तेलाचा हात फिरव, मग अत्तर लाव’? ते अगदी खरं आहे. कनौजकडच्या जुन्या अत्तराच्या पद्धतीत तर डेगेतून, म्हणजे तांब्याच्या हंड्यातून, येणारी फुलांची वाफ भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलातच उतरवतात, म्हणजे टिकणारा वास पहिल्यापासूनच खाली बसलेला असतो.

रात्री अकराला उशीवर गालाखाली हात घेतला आणि मला वाळ्याचा वास आला. ओल्या मातीचा, मुळांचा, थोडा धुरकट. तेल हैतीहून आलेलं, पण मला दिसलं इंदूरचं मे महिन्यातलं घर, दाराला लावलेली वाळ्याची ताटी आणि तिच्यावर तांब्याने पाणी मारणारी आजी. रात्री थोपटताना तिच्या हाताला हाच वास यायचा. तो आजीचाच वास आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. ती हळदीकुंकवाला जाताना संध्याकाळी अत्तर लावायची आणि मी तिच्या कुशीत शिरायचे रात्री. त्या अत्तराची सुरुवात मी कधी हुंगलीच नाही गं, माझ्या वाट्याला कायम त्याचा शेवट आला.

म्हणून एक काम कर. तिच्या कपाटात निळी कुपी असेल, ती धुऊ नकोस. तळाशी काही उरलं असेल तर दिवेलागणीला फाया फिरवून तिच्या हाताच्या पाठीवर लाव, चोळू नकोस. पहिल्या दहा मिनिटांत काय आलं ते तिलाच विचार, केवडा, हिना की आणखी काही, आणि तिच्या शब्दांत मला लिहून पाठव.

आजीला आणि बाबांना नमस्कार.

तुझी,
मनू