मेस्तकाका, घर घेण्याआधी तुम्ही भेटलात

मेस्तकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही रोज मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचता, म्हणून हे पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे. समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही "कामाचें उलय, बाय" (कामाचं बोल, बाई) म्हणून विषय बदलता. मनात साठलेले सगळे आज एकदाच सांगते.

गोव्यात फोंड्याजवळ सावईवेऱ्याच्या बाजूला आम्हाला पहिल्यांदा जे घर आवडले, ते मार्चमध्ये पाहिले होते. काजूची बोंडे पिकलेली, मागे पोफळींचे कुळागर, पुढे बसायला सोपा, चिऱ्यांच्या भिंतींना ताजा रंग. मडगावच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षे काढलेल्या माणसाला याहून काय हवे? दलालाला त्याच आठवड्यात बयाणा हवा होता. तुम्ही सुतार, तुम्हाला बोलावले ते फक्त छपराच्या दुरुस्तीचा अंदाज काढायला. तुम्ही आकडा सांगितला असता, तर आढ्यापासून रिपांपर्यंतचे सगळे काम तुम्हालाच मिळणार होते.

तुम्ही शिडी लावून वर चढलात. वासा भिंतीवर टेकतो तिथे, अगदी टोकाला, पिशवीतली पटाशी नुसती टेकवून दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. वर तेलपाणी केलेले गुळगुळीत लाकूड आणि आत वाळवीचा भुसा. मग खाली येऊन मागच्या भिंतीवर तळहात ठेवलात आणि आम्हालाही ठेवायला लावलात. भर मार्चमध्ये ती गार होती. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. चिरा पाणी पितो, चुन्याचा गिलावा ते सुकू देतो, सिमेंट आतच कोंडते, हे तुम्ही तिथे समजावलेत. आणि म्हणालात, "बाय, हें घर पावसांत येऊन पळय." म्हणजे पावसात येऊन बघ.

आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत गेलो तेव्हा डोंगरावरून उतरणारा ओहोळ थेट त्या मागच्या भिंतीला येऊन भिडत होता. स्वयंपाकघरातली जमीन ओली होती. ते घर आम्ही सोडले. दलाल तुमच्यावर चिडला, गावात चार शब्द बोललाही, आणि तुम्ही ते आम्हाला कळू दिले नाहीत. दुसऱ्यांकडून कळले.

छप्पर जुलैत बघायचे आणि विहीर मे महिन्यात, हे तुमचे गणित मी आता घर शोधणाऱ्या प्रत्येकाला सांगते. जांभ्या दगडात पाणी थांबत नाही. पावसात काठोकाठ भरलेली विहीर वैशाखात तळ दाखवू शकते. आत्ताच्या घराची विहीर तुम्ही मेच्या अखेरीला बघितलीत. कळशी सोडून वर ओढलीत, ओला दोर वावांनी मोजलात, मग शेजारच्या आजींना विचारलेत की शिमग्यानंतर इथे टँकर येतो का. त्या नाही म्हणाल्या तेव्हा कुठे तुम्ही मान हलवलीत.

कागदपत्रे हा तुमचा धंदा नव्हे. तरी पहिला प्रश्न तुम्हीच विचारलात: एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीवर, कुणाकुणाची नावे आहेत, आणि त्यांच्या बायकांच्या सह्यांचे काय? गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक धरली जाते, त्यामुळे विक्रीखतावर दोघांच्या सह्या लागतात. उताऱ्यावर अजून मालकांच्या वारलेल्या वडिलांचेच नाव होते. भावांची वाटणी इन्व्हेंटरीतून, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या कायदेशीर प्रक्रियेतून, पुरी होईपर्यंत थांबा, असे वकिलांनी सांगितले, आणि आम्ही थांबलो. खालची भातशेतीही जोडीला देतो असे मालक म्हणत होते. 2023 च्या कायद्यानंतर शेतकरी नसलेल्या आमच्यासारख्यांना ती घेता येत नाही, हेही तेव्हाच स्पष्ट झाले.

पण सर्वांत जास्त ऋण आहे ते वाटेचे. घराच्या कोपऱ्यावर एक मुंडकार कुटुंब, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे कुटुंब, राहते. त्यांना 1975 च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण आहे, हे वकिलांनीही सांगितले असते. आपल्या अंगणाच्या कडेने जी पायवाट जाते, तिच्यावरून त्या घरातली माणसे विहिरीवर, देवळात आणि शेतात जातात, हे मात्र कुठल्याच नकाशावर नव्हते. आम्ही चारही बाजूंनी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायचे ठरवले होते. तुम्ही चिरे उतरवायला आलेला टेम्पो थांबवलात, आम्हाला त्या घरी नेलेत, चहा प्यायला लावलात. गडग्यात माणूस जाईल एवढी फट ठेवली. आज त्याच फटीतून त्यांच्या घरचे आळू, नीरफणस आणि गरज पडली तर माणसेही येतात. मुळात इथे घर घेतले म्हणजे शेजार घेतला, असे मला वाटते. शहरातून येणाऱ्यांना एवढे तरी कुणीतरी आधी सांगायला हवे.

बाकी जे सांगितले होते तसेच आहे. वादळवाऱ्यात फांदी तारेवर पडली की वीज जाते आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. श्रावणात कपाटातल्या पुस्तकांना आणि चामड्याच्या चपलांना बुरशी धरते. माकडे कौले सरकवतात. नारळ पाडायला पाडेली मिळवण्यासाठी दिवसेंदिवस वाट बघावी लागते. पावसाळ्यात विजेरीशिवाय अंगणात पाय टाकायचा नाही, फुरसे पाचोळ्यात दिसत नाही, हे तुम्ही माझ्या सासूबाईंना दोनदा बजावलेत. रात्री एकदा घरापासून फोंड्याच्या हॉस्पिटलपर्यंत गाडी चालवून बघा, असेही म्हणालात. घर घेण्याआधी आम्ही ते करून पाहिले. म्हणून गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना रात्री न्यायची वेळ आली तेव्हा यांचा हात स्टिअरिंगवर कापला नाही. त्या आता ठीक आहेत. तुमची चौकशी करतात.

सल्ल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्याची भरपाई करण्याचा माझा विचारही नाही, तशी ती होणारही नाही. पण काम मात्र आहे. पूर्वेकडचे कोने, म्हणजे आढ्यावरची कौले, फुटले आहेत, आणि चवथीआधी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळेफुले टांगायची, चौकट नवी करायची आहे, सागाची की फणसाची ते तुम्हीच ठरवा. धाकट्याला घेऊन या, त्याला आमच्याकडचे आढे बघायचे होते. कोन्यांचे काम पाऊस धरायच्या आत व्हायला हवे. दिवस कळवा, जेवण आमच्याकडेच.

तुमची,
फटीच्या गडग्याच्या घरातली बाय